उद्धवचा डाव

महिपतने शेवटचा स्क्रू काढून दातांत धरला, कंप्युटरच्या डब्याची पाठ स्वतःकडे वळवली आणि पंख्याच्या जाळीत चिमटा घातला. आत काहीतरी मऊ लागलं. ओढलं तसा कापसाचा एक बोळा बाहेर आला. मग दुसरा आला. चांगले पिळून घट्ट केलेले, करंगळीएवढे बोळे.

कापूस निघाला याचं त्याला नवल नव्हतं. बोथच्या कापूसपट्ट्यात कुठलंही यंत्र उघडा, कापूस निघतोच. वेचणी सुरू झाली की घराघरात पुढची खोली आढ्यापर्यंत भरते, माणसं कडेकडेने झोपतात आणि कापसाचं तूस टीव्हीत, रेडिओत, शिलाई मशीनमध्ये, जेवणाच्या ताटात, सगळीकडे जातं. महिपतचं दुरुस्तीचं दुकान निम्म्याहून अधिक त्या तुसावरच चालायचं. पण तूस उडून बसतं, आपलं आपण वळून त्याचा बोळा होत नाही. असे बोळे वळलेले त्याने एकाच कामासाठी पाहिले होते, आणि ते काम त्याला आत्ता आठवायचं नव्हतं.

त्याने मान वर केली. आशाबाई भिंतीला टेकून उभी होती. तिची नजर डब्यावर नव्हती, अंगणात वाळत घातलेल्या चादरीवर होती. उंबऱ्यात तिची सासू जयवंताबाई उडीद निवडत बसली होती. सुपातला तिचा हात थांबला होता.

महिपतने बोळे मुठीत घेतले आणि खिशात टाकले.

"काय झालं?" आशाबाईने विचारलं.

"तूस, वहिनी. पंखा जाम झाला. गरम होऊन होऊन पावर सप्लाय जळला अन् त्याच्यासंगं बोर्डही गेला."

"मंग?"

"मंग काय, दुसरा टाकावा लागन. हैदराबादले भेटते. याच्याहून नवा भेटन, जोरात चालन."

"जोरात नसन चालत तरी चालते. गेम राहीन न?"

"गेम डिस्कात हाये. डिस्क चांगली हाये."

तिने मान हलवली. बरं वाटल्यासारखीही नाही आणि वाईट वाटल्यासारखीही नाही, दूधवाल्याने उद्या येतो म्हटल्यावर हलवावी तशी. मग ती चादर काढायला अंगणात गेली. चादर अजून ओली होती, तरी तिने ती घडी करून आत आणली.

हा कंप्युटर तिच्या नवऱ्याने, उद्धवने, आणला होता. तो जिनिंग फॅक्टरीच्या ऑफिसात काम करायचा. फॅक्टरीने नवं मशीन घेतलं तेव्हा हे जुनं, हिरव्या अक्षरांचं, अडगळीत चाललं होतं. उद्धवने ते गोणपाटात गुंडाळून, महिपतला मागे बसवून, त्याच्या मांडीवर ठेवून मोटारसायकलवर गावात आणलं. शेतकऱ्याच्या घरात त्याचं काय काम, हे कोणाला कळेना. हौसेला मोल नाही, असं म्हणून गावाने विषय सोडून दिला. खरं म्हणजे उद्धवलाही त्याचं काही काम नव्हतं. त्याला गेम खेळायचा होता.

गेम महिपतनेच फ्लॉपीतून टाकून दिला होता. टोपी घातलेला एक ठेंगणा माणूस खाणीत उतरतो, शिड्या चढतो, घागरी गोळा करतो. वरून धोंडे गडगडत येतात. धोंडा लागला की जीव गेला. असे तीन जीव. सुरुवातीला पडद्यावर विचारतात, खेळणारा एक की दोन? दोन म्हटलं तर आधी पहिल्याचा डाव आणि त्याचे जीव संपले की दुसऱ्याचा. आशाबाई पहिली खेळायची, उद्धव दुसरा. दिवेलागणीला स्वयंपाक चुलीवर सोडून ती खोलीत जायची आणि मग दोघांची जी काही भांडणं चालायची, ती शेजारच्या घरापर्यंत ऐकू यायची. जयवंताबाई बाहेरून ओरडायची, "पोरासारखे काय भांडता रे, भाकर जळून राह्यली!" नेमकं कोणाला पोर म्हणायचं हे तिचं तिला माहीत.

मागच्याच्या मागच्या पौषात नेरडीगोंड्याजवळ हायवेवर उद्धवची मोटारसायकल उभ्या ट्रकवर आदळली. नाकात कापसाचे बोळे घातलेल्या त्याला घरी आणलं तेव्हा पुढच्या खोलीत कापूस भरलेला होता, म्हणून अंगणातच ठेवावं लागलं. आशाबाई रडली नाही. लोकांना ते बरेच दिवस बोलायला पुरलं. तेरवी झाली, कापूस विकला गेला, खोली रिकामी झाली, ती पुन्हा बालवाडीत शिकवायला जाऊ लागली. पोरांना ती पूर्वीसारखीच गाणी म्हणून दाखवायची, फक्त हातवारे करायची नाही. आणि दिवेलागणीला कंप्युटरसमोर बसायची.

महिपत जळलेला बोर्ड टॉवेलात बांधून निघाला तेव्हा जयवंताबाई त्याच्या मागे गोठ्यापर्यंत आली. गाय उगीचच इकडची तिकडे बांधत राहिली.

"महिपत."

"काय, काकू?"

"नाही झालं दुरुस्त, तर नाही चालत का?"

"काऊन?"

"दोघांचा गेम लावते ते." जयवंताबाईने दाव्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "आपली बारी खेळते. मंग उद्धवची बारी येते. तवा हात मांडीवर ठेवून बसून राह्यते. तो मानूस उभाच्या उभा. धोंडा येते अन् त्याले लागते. मंग तो उठते, उभा राह्यते, पुन्हा धोंडा येते. तीन बार. तीन बार झालं की उठते अन् भाकरी टाकते. रोज संध्याकाळी माह्या डोळ्यासमोर तीन बार मरते तो, बाबू."

उडदाचा भाव सांगावा तशा आवाजात तिने हे सांगितलं. महिपतचा हात खिशात गेला. बोळे बोटांना लागले.

"मी वहिनीले तूस म्हनून सांगतलं," तो म्हणाला.

"आयकलं मी."

गाईने मान झटकली.

"अजून एक हाये," जयवंताबाई म्हणाली. "सप्तमीले उद्धवचा पितर हाये. वरीस सरल्यावरचा पहिलाच. आमच्याकडं पितर म्हनून धोंडीबा बसे, माह्या सासऱ्याच्या वक्तापासून. पन त्याचे दात पडले. वडे न खानारा पितर काय कामाचा? तू ये."

पितरपाटात, म्हणजे पितृपक्षात, गेलेल्या माणसाच्या तिथीला त्याच्या जागी कोणीतरी जेवायला बोलावतात. भावकीतला चालत नाही, बाहेरचा लागतो. गेलेल्याच्या नावाने त्याचे पाय धुतात, त्याच्या नावाने वाढतात. तो जेवला म्हणजे गेलेला जेवला. महिपतला जेवणाचं बोलावणं आजवर कधी जड गेलं नव्हतं. हे मात्र गेलं. पण पितराचं आवतण नाकारत नाहीत.

"येतो," तो म्हणाला.

बोर्ड बसच्या कंडक्टरबरोबर हैदराबादहून आला. तो दुकानात दोन दिवस तसाच पुठ्ठ्यात पडून राहिला. त्याचं काहीच करायचं नाही, एवढंच करायचं होतं. डिस्क गेली वहिनी, आता इलाज नाही, एवढं एक वाक्य. आशाबाईने तेव्हाही तशीच मान हलवली असती. महिपत काही खोटं न बोलणारा माणूस नव्हता. उद्या देतो, हे खोटं तो रोज गिऱ्हाइकागणिक बोलायचा. पण चालू होणाऱ्या यंत्राला होत नाही म्हणणं त्याला जमेना. त्यात मित्र त्या यंत्रात उभा होता. त्याला तिथे काळोखात कोंडून ठेवायचं की रोज धोंड्याखाली द्यायचं, यातलं बरं काय हे त्याला सांगता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्याने बोर्ड काढून पावर सप्लाय जोडून पाहिला. चालला.

सप्तमीला तो गेला तेव्हा अंगण सारवलेलं होतं. बोर्डाचं पुडकं त्याने ओसरीवर ठेवलं. आशाबाईने तांब्या आणून त्याच्या पायांवर पाणी घातलं, जयवंताबाईने पाय धुतले. धुताना ती पायांकडेच बघत होती. महिपतची टाच भेगाळलेली होती, त्याची त्याला उगीच लाज वाटली. मग त्याला पाटावर बसवलं. कपाळाला गंध लावलं. गोवरीच्या निखाऱ्यावर तूप आणि घास टाकून आगारी दिली, धूर खोलीत फिरला.

पानावर वडे होते, भजी, कढी, खीर, आळूची भाजी.

"जेव, उद्धव," जयवंताबाई म्हणाली.

महिपत जेवू लागला. आशाबाई वाढत होती. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती, पानाकडे बघत होती, आणि कढी संपायच्या आत वाढत होती. उद्धवला कढी फार लागायची. महिपतला आंबट सोसत नसे, पण तो वाटीमागून वाटी पीत राहिला.

"अजून एक वडा घे. तू पाच खात होता."

त्याने घेतला. तो घशाखाली उतरवायला त्याला पाणी प्यावं लागलं. त्याचं जेवण आटोपलं, हात धुतले गेले, पण पाट कोणी हलवला नाही. पितर घरात असेपर्यंत पाट उचलत नाहीत.

मग तो कामाला लागला. जळलेला पावर सप्लाय काढून पंख्यासकट नवा बसवला, बोर्ड चढवला, वायरी जोडल्या. करंट होता. बटण दाबल्यावर पंखा घरघरला आणि पडदा हिरवा झाला. आशाबाई पदराला हात पुसत आली आणि स्टुलावर बसली. जयवंताबाई उंबऱ्यात उभी राहिली. तिथून आत ती आली नाही.

खेळणारा एक की दोन? आशाबाईने दोन दाबलं.

टोपीवाला माणूस पडद्यावर आला आणि मेला. तिचं बोट बटणापर्यंत पोचलंही नव्हतं. तो पुन्हा आला. या वेळी ती तयार होती, तिने दाबलं, पण तो शिडीवरून सुसाट पलीकडे जाऊन खड्ड्यात पडला. धोंडे हिरव्या रेघांसारखे दिसत होते. तिसरा जीवही तसाच गेला. लगेच दुसऱ्याचा डाव आला. आशाबाईने हात मांडीवर घेतले. ते मांडीवर टेकायच्या आत पडद्यावर संपलं असं आलं.

"झालं?" उंबऱ्यातून जयवंताबाईने विचारलं.

"झालं," आशाबाई म्हणाली.

"एवढ्यात?"

आशाबाई पडद्याकडे बघत होती. "असंच झालं असन," ती म्हणाली. "त्याले समजलंही नसन."

पावणेदोन वर्षांत त्या मरणाबद्दल ती पहिल्यांदा काही बोलली होती. जयवंताबाईने दाराची चौकट धरली. महिपत घाईघाईने सांगू लागला, कारण कोणीतरी काहीतरी सांगणं त्याला गरजेचं वाटलं.

"बोर्ड नवा हाये न वहिनी, त्याच्यानं होऊन राह्यलं. जुना गेम जुन्या मशीनच्या चालीनं बनवला हाये. मशीन पळते तसा तो मानूस पळते. याच्यावर उपाय हाये. हे समोरचं बटन दिसते न, याची वायर मी लावलीच नाही, कोनी लावत नाही. ते दाबलं की मशीन हळू चालते. मुद्दाम."

त्याने डब्याचा पत्रा पुन्हा काढला.

"राहू दे न," जयवंताबाई म्हणाली.

महिपतचा हात थांबला.

"राहू दे असंच. लवकर होते. बरं हाये."

पंख्याचा आवाज येत होता. आगारीचा वास अजून खोलीत होता.

"नाही," आशाबाई म्हणाली. "हळूच पाह्यजे."

महिपतने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. मग वायर लावली आणि बटण दाबलं. पडद्यावरचा माणूस आता चालू लागला, उद्धवच्या वेळी चालायचा तसा, एकेक पाऊल टाकत. आशाबाई खेळली. चांगली खेळली. तिची बोटं जात होती, चेहऱ्यावर काही नव्हतं. घागरी गोळा होत गेल्या, एकेक जीव गेला आणि तिचा डाव संपला.

दुसऱ्याचा डाव आला. टोपीवाला माणूस शिडीच्या पायथ्याशी येऊन उभा राहिला. आशाबाईने हात मांडीवर ठेवले.

वरून धोंडा निघाला. एक मजला उतरला, वळला, दुसरा मजला उतरला. महिपतला वाटलं होतं, तेवढ्यापुरतं दुसरीकडे बघू. पण बघता येईना. धोंडा आला, लागला. माणूस आडवा झाला. मग उठून पुन्हा त्याच जागी उभा राहिला. आता हे सगळं पुन्हा होणार आणि आपण बघत राहणार. ही बाई हे रोज कसं बघते, आणि ती म्हातारी कसं.

"महिपत," जयवंताबाई म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "आज पाटावर कोन बसलं होतं?"

"मी, काकू."

"कोनाच्या नावानं जेवला?"

महिपतने पाटाकडे पाहिलं.

"मंग बारी कोनाची हाये?"

धोंडा निघाला होता. महिपतने आशाबाईकडे पाहिलं. ती वळली नाही, काही म्हणाली नाही. थोड्या वेळाने ती स्टुलावरून उठली आणि शेजारी उभी राहिली.

महिपत बसला. त्याच्या बोटांना अजून तुपाचा वास होता. त्याने बटण दाबलं. पडद्यावरचा माणूस दचकल्यासारखा हलला आणि शिडी चढला. धोंडा त्याच्या पायाखालून निघून गेला. त्याने एक घागर घेतली, मग पुढे कुठे जायचं ते न कळून उगीच मागे पुढे करू लागला. यंत्रं त्याने पुष्कळ दुरुस्त केली होती, गेम असा कधी खेळला नव्हता.

"उजवीकडं," आशाबाई म्हणाली.

तो डावीकडे गेला.

"उजवीकडं! इकडं काय हाये, इकडं धोंडा हाये! शिडी धरा. शिडी! अहो, वर काय पाहून राह्यले, उडी मारा न!"

एवढ्या मोठ्याने ती ओरडली की गोठ्यातली गाय हंबरली. महिपतने उडी मारली, ती कमी पडली. मग शेवटचा जीव घेऊन तो पुन्हा वर चढला, दोन घागरी घेतल्या आणि सगळ्यात वरच्या मोडक्या शिडीवरून घसरून पडला.

संपलं असं पडद्यावर आलं. आशाबाई थोडी धापा टाकत होती.

"त्यालेही ती शिडी कधी जमली नाही," ती म्हणाली.

महिपत उठला. कपाळावरचं गंध घामाने ओघळलं होतं, ते त्याने बाहीने पुसलं. जयवंताबाई आत आली. कंप्युटर चालू असताना कित्येक महिन्यांत तिने त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं.

"जेवला, खेळला," ती म्हणाली. "आता पाट उचलते मी, आशा."

आशाबाईने मान हलवली. जयवंताबाईने वाकून पाट उचलला, पदराने पुसला आणि उराशी धरून उभी राहिली.

महिपतने हत्यारं गोळा केली. अशा घरातून निघताना येतो म्हणत नाहीत आणि घरचेही या म्हणत नाहीत. तो नुसताच ओसरीवर आला. एक चप्पल पायात घातली. दुसरी कोंबडीने ढकलली होती, ती शोधत असताना आतलं बोलणं कानावर आलं.

"आत्याबाई, बसता का?"

"मले काय येते त्याच्यातलं?"

"बोळे कोंबता आले न? हेही येईन."

पाट भिंतीला टेकवल्याचा आवाज अर्ध्यावर थांबला. महिपतचा हात आपोआप खिशाकडे गेला. बोळे त्याने त्याच दिवशी नाल्यात टाकले होते.

"तुले ठाव होतं?" जयवंताबाईचा आवाज बारीक झाला होता.

"पहिल्याच दिवशी दिसले."

"मंग काढले काऊन नाही?"

उत्तरादाखल स्टूल सरकल्याचा आवाज आला, आणि म्हातारीचं हळूहळू, कण्हत खाली बसणं. बटण वाजलं. एक की दोन, ते ओसरीवरून दिसत नव्हतं. आशाबाईचा डाव चालू झाला आणि लवकरच संपला. इतका लवकर की ती मन लावून खेळली नसावी.

"आता?" जयवंताबाईने विचारलं.

"आता तुमची बारी. हे दाबलं की चालते. हे उडीचं."

"थांब, चष्मा नाही मले."

"चष्मा राहू द्या. धोंडा निघाला, आत्याबाई. उभ्या काऊन राह्यल्या? पळा. पळा न!"

महिपतला चप्पल सापडली. ती हातात घेऊनच तो फाटकापर्यंत गेला आणि फाटक वाजू नये म्हणून उचलून लावलं.